रशीद सर शंका घ्यायचे

रशीद सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होतो. खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं, शंका होती. फोन आमच्या कबड्डी संघाचे मालक मल्लिनाथ शेठ यांचा होता. "स्वामीसर, आपले सर गेले हो," एवढं बोलून ते थांबले. मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" दुसऱ्या कुणाला माझा राग आला असता, पण शेठना कारण माहीत होतं. काही वर्षांपूर्वी सरांनी आपण दवाखान्यात भरती झाल्याचा निरोप खेळाडूंना धाडला होता, आणि स्वतः मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीमागे मफलर गुंडाळून उभे राहिले होते. आपण नसताना कोण सराव करतो आणि कोण घरी जातो, हे त्यांना बघायचं होतं. सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन भेटायला आलेल्या पोरांना त्यांनी ओट्यावर बसून मोसंबी सोलत सोलत गल्लीत बैठका मारायला लावल्या. त्यामुळे शेठचा फोन ठेवल्यावर मी सरांच्याच नंबरवर फोन लावला. तो त्यांच्या बायकोने, भाभींनी उचलला. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "हौ स्वामी… इस बार सच है."

मी ग्रंथालयाला कुलूप लावलं.

आमची ओळख झाली तीही शंकेवरूनच. मी उमरग्यात ग्रंथपाल म्हणून आलो तेव्हा सर शाळेत खेळाचे शिक्षक होते. दुपारी शाळा सुटली की ते वर्तमानपत्रं वाचायला येत. एके दिवशी ते माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आतली पुरवणी कुठंय?" मी सांगितलं, कुणीतरी नेली असेल. "कुणीतरी न्हाय. तुम्ही नेली. शब्दकोडं सोडवायला." पुरवणी माझ्याच खणात होती, आणि कोडं अर्धं सुटलं होतं. मी ती काढून दिली. त्यांनी तिथंच उभं राहून कोडं पाहिलं, एक उभा शब्द चुकलाय म्हणून सांगितलं, आणि पुरवणी मला परत केली. त्यानंतर आम्ही रोज दुपारी ते कोडं मिळून सोडवू लागलो. मी जातीने जंगम, म्हणजे लिंगायतांतला पुरोहित, आडनाव स्वामी. ते मला 'स्वामी' म्हणत, आणि त्यांच्या तोंडी त्या शब्दात थोडा आदर आणि बरीचशी टर असे.

निवृत्तीनंतर ते या संघाचे प्रशिक्षक झाले. आमच्या भागातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून आठ संघांची लीग सुरू केली. दिवाळीनंतर सामने सुरू व्हायचे, शिवरात्रीच्या आसपास संपायचे. खेळाडूंना करारावर घ्यायचं, मानधन द्यायचं, मॅटवर खेळवायचं. मल्लिनाथ शेठचं पाइप आणि मोटारींचं दुकान हायवेवर आहे. त्यांना वाटलं, आपल्या तालुक्याचाही एक संघ हवा. त्यांनी संघ घेतला, सरांना बोलावलं, आणि सरांनी मला. "करार लिहायला माणूस पाहिजे, शेठ. तुमचा मुनीम दुकानाचं बिल लिहितो तसा करार लिहील." शेठना लेखी करारच पटत नव्हते. आपलीच पोरं, तोंडी ठरलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सरांनी त्यांना अणदूरच्या खंडोबाचा दाखला दिला. अणदूरचा खंडोबा वर्षातला काही काळ नळदुर्गला राहायला जातो, आणि देव नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात. "तुमचाच देव आहे शेठ, मी काय सांगू," सर म्हणाले, "देवावर कुणाची शंका न्हाय. गावांची एकमेकांवर आहे. म्हणून तर इतकी वर्षं भांडण न होता देव येतो-जातो." शेठ हसले आणि मला कागद आणायला सांगितलं.

शंकेला सर दोष मानत नसत. ती त्यांच्या कामाची रीत होती. सरावाला दांडी मारून एखादा खेळाडू दुसऱ्या नावाने कर्नाटकातल्या गावजत्रेच्या सामन्यात खेळून येई, आणि इथे मित्राच्या लग्नाला गेलो होतो म्हणून सांगे. सर त्याला रागावत नसत, जवळ बसवत. "कुणाचं लग्न?" "आळंदचा दोस्त हाय सर, लिंगायत हाय." "बरं बरं. जेवणात काय होतं?" "मटण होतं सर. लई भारी." सर माझ्याकडे वळून गंभीरपणे विचारत, "स्वामी, तुमच्या लोकांच्या लग्नात मटण कवापासून सुरू झालं?" तो खेळाडू अजूनही दिसला की आम्ही त्याला वऱ्हाडी म्हणतो.

पण त्यांची खरी परीक्षा असायची पंगतीत. हंगाम संपला की शेठच्या गोदामात सगळ्या खेळाडूंना जेवण असे. पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं आणि कोणाला नारळ द्यायचा, ते त्यानंतरच ठरे. जमिनीवर सतरंज्या, पत्रावळी, भाकरी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी, आणि शेवटी हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर. सर स्वतः वाढायला उभे राहत. नको नको म्हणणाऱ्याच्या पानात जास्त हुग्गी पडे. मला वाटायचं, माणूस प्रेमळ आहे. पहिल्या वर्षी जेवणं संपत आली तेव्हा ते माझ्या कानाशी लागले. "आता बघा. कोण कसा उठतो ते." एकेक जण मांडी सोडून उठू लागला. कोणी सरळ उठला, कोणी जमिनीला हात टेकून. "हात टेकला की गुडघा गेलेला आहे," सर पुटपुटले. "मैदानावर सगळे ताठ. पोट भरल्यावर खोटं उठता येत न्हाय." कबड्डीत गुडघा गेलेला खेळाडू दुखणं लपवतो, कारण दुखणं कळलं की करार जातो. डॉक्टरचा कागद आणता येतो, गोळी खाऊन सामना खेळता येतो. पण भरल्या पोटी पंगतीतून उठताना कोणी गोळी खाऊन बसत नाही. त्या वर्षी हात टेकलेल्यांना आम्ही सोडलं, आणि त्यातल्या एकाचं पुढच्याच महिन्यात ऑपरेशन झालं.

ही गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. मग पोरं घरी मांडी घालून बसण्याचा आणि हात न टेकता उठण्याचा सराव करू लागली. एकजण उठताना शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवू लागला. मी विचारलं, "खांदा चालतो का?" सर म्हणाले, "खांदा म्हणजे दुसऱ्याचा गुडघा, स्वामी. दोघांवरही शंका घ्या."

आता मला ज्या वर्षाबद्दल लिहायचं आहे ते गेलं वर्ष. लागोपाठ दोन हंगाम आमचा संघ तळाला होता. होळीच्या सुमाराला शेठनी आम्हा दोघांना दुकानाच्या वरच्या खोलीत बोलावलं आणि सांगून टाकलं, "पुन्हा शेवटी राहिलो तर मी संघ विकणार. बायको रोज विचारती, पाइपं विकून कबड्डी कशाला खेळवताय? आणि एक ऐका, आता तीन वर्षांचा करार फक्त एकालाच. कोणाला, ते तुम्ही ठरवा. बाकीच्यांचं वर्षावर."

एकालाच म्हटल्यावर नावं दोनच उरत होती. एक इम्रान, आमचा चढाई करणारा, पंचविशीच्या आतला, उमरग्यातल्याच एका वेल्डिंगवाल्याचा मुलगा. आमचे निम्मे गुण तो एकटा आणायचा. दुसरा बसवराज, सीमेपलीकडचा, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारा, डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा बचावपटू. एके काळी त्याने घोटा पकडला की भलेभले रेघेपर्यंत पोचत नसत. आता त्याची तिशी उलटली होती, तरी समोरचे त्याच्या कोपऱ्याकडे फिरकत नसत. करार इम्रानलाच, यात शंका घ्यावी असा प्रश्नच मला दिसत नव्हता. पंगत झाली. इम्रान खारीसारखा टुणकन उठला. बसवराज उठला तेव्हा त्याचा उजवा हात जमिनीला टेकला. टेकला, क्षणभर तिथेच राहिला, आणि मग तोच हात त्याने कपाळाला लावला… जणू अन्नाला नमस्कार केला.

मी सरांकडे पाहिलं. सर पाणी वाढत होते.

वरच्या खोलीत गेल्यावर ते म्हणाले, "तीन वर्षं बसवराजला. इम्रानला मोकळा करा."

शेठ उभेच राहिले. "सर, अहो हात टेकला त्याचा!"

"नमस्कार होता तो."

"आधार होता," मी म्हणालो.

"तुम्हाला नमस्काराची पारख न्हाय, स्वामी. पुस्तकात वाकून बसता, देवळात न्हाय." एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. मी करार लिहिला. इम्रानला तीन वर्षांच्या कराराची आशा होती. शेठनी देऊ केलेला वर्षाचा करार त्याने नाकारला आणि तो मोकळा झाला. पंधरवडाही उलटला नसेल, बातमी आली की सोलापूरच्या संघाने त्याला घेतलं. त्या संघाचे व्यवस्थापक सरांचे जावई आहेत.

हे वाचणाऱ्याच्या मनात आत्ता जे आलं तेच शेठच्या मनात आलं, आणि माझ्याही. शेठ दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "सासऱ्यानं जावयाला आहेर केला, माझ्या पैशानं." चहाच्या टपरीवर पोरं ते सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. सर ऐकून घेत. दुपारी ग्रंथालयात येत, कोडं सोडवत. मी मात्र आता त्यांच्याकडे त्यांच्याच नजरेनं पाहू लागलो होतो. फोन आला की ते बाहेर जाऊन का बोलतात? सोलापूरला लेकीकडे ते हल्ली जास्त का जातात? पूर्वी लेकीकडून आल्यावर नातवाबद्दल बोलायचे, ते आता गप्प का असतात? वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसून मी जे शिकलो ते सगळं आता त्यांच्याच विरुद्ध वापरायला मिळालं होतं, आणि जिथे पाहावं तिथे ते सापडत होतं. शंकेचं हेच असतं. ती एकदा डोळ्यात बसली की जग तिला पुरावे आणून देतं.

दिवाळीच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून पेरू चिरत होते. मी बसलो, आणि फार वेळ न घालवता विचारलं, "सर, इम्रानला जावयासाठी सोडलंत का?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. "वा, स्वामी! शेठ मागनं बोलतो. टपरीवरचे हळू बोलतात. तुम्ही तोंडावर विचारलं. शंका घ्यावी तर अशी."

"मग उत्तर द्या."

"माझ्या तोंडचं उत्तर घेऊन काय करणार? ते खरं कशावरनं?" त्यांनी मीठ लावलेली पेरूची फोड माझ्यापुढे धरली. "थंडीत सोलापूरशी सामना आहे. तो बघा. मग पुन्हा या, भांडू."

ती फोड मी खाल्ली. चांगली गोड होती, आणि मी उठून आलो. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोललो. हंगाम सुरू झाला, पहिले सामने आम्ही हरलो, एक जिंकला. आणि एका सकाळी, चहाचा कप हातात असताना, सर गेले. भांडायला पुन्हा जायचं राहिलं.

शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. "निर्मळ मनाचा माणूस", "सर्वांवर विश्वास टाकणारा", असं एकेक जण माइकवर बोलून गेला. मी शेवटच्या रांगेत होतो. सर असते तर त्यांनी मला कोपराने ढोसलं असतं आणि विचारलं असतं, "ह्याला कोणती निवडणूक लढवायचीय?" शेठही बोलले, थोडंच. जावई पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मी त्यांची मान बघत होतो, आणि ती दुःखाने खाली आहे की आणखी कशाने, ते मला ठरवता येत नव्हतं. आपल्या मित्राच्या शोकसभेत माणसाने असा विचार करू नये हे मला कळतं. पण मला मित्र असा मिळाला होता.

सोलापूरशी सामना त्यानंतर आठवडाभराने झाला. मी एरवी सामने कमी पाहतो, गर्दीत मला सुचत नाही. त्या दिवशी मी मॅटच्या अगदी कडेला बसलो. सोलापूरकडून पहिल्याच चढाईला इम्रान आला. आमच्या हद्दीत शिरला आणि एकदाही इकडेतिकडे न बघता थेट डाव्या कोपऱ्याकडे गेला, बसवराजकडे. दोन वर्षं कोणीही तिकडे जात नव्हतं. तो गेला तो खोल, अगदी बिनधास्त, समोरच्या माणसाला पुढे झेप घेता येणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसासारखा. माझ्या मनात आलं, संपलं. शेठ माझ्या शेजारी होते. ते म्हणाले, "बघा, घरचा भेदी."

बसवराज जागचा हलला नाही. नुसता हात पसरून उभा राहिला. पण इम्रानचं सगळं लक्ष त्याच्या गुडघ्यावर असताना शेजारचा बचावपटू मागून आला आणि इम्रानची परतीची वाट छातीने अडवून उभा राहिला. इम्रान वळला तर समोर भिंत. तिघांनी त्याला उचलला. दुसऱ्या चढाईला तेच झालं. तिसऱ्यांदा तो दुसरीकडे गेला, पण तोवर त्याचे पाय बिचकले होते. तो सामना आम्ही जिंकलो. सोलापूरच्या बाकावर जावई कपाळाला हात लावून बसले होते.

सामन्यानंतर बसवराज गुडघ्याला बर्फ लावून बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. विचारायची गरजच पडली नाही.

"सरांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हणले, बसू, तुजा गुडघा गेला, पण नाव चालतंय अजून. इतर संघ तुज्याकडं येत न्हाईत, मग तू तिथं नुसता उभा ऱ्हायलास तरी बास. आन् सोलापूरवाले इम्रानला नेतील ते खेळायला कमी, इचारायला जास्त. उमरग्याचं काय कच्चं हाय, ते. त्यो सांगणार. रोज सरावात माज्यावरच चढाई करत होता की, त्याला म्हाईत नसंल व्हय? मग सामन्यात त्यो पयल्यांदा तुज्याकडंच यील. तवा तू हलू नको. शेजारच्यानं मागनं यायचं. दिवाळीपासनं आमी तेवढंच घोटत होतो."

"आणि नमस्कार?"

"इल्ला, न्हाई सर," तो हसला. "आधारच होता. सरांनी बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. मग हात कपाळाला लावला. काय करू?"

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

बसवराज थोडा अवघडला. "म्हणले, स्वामीला सांगू नको. स्वामी खोटं बोलत न्हाई. शेठनं इचारलं तर सांगून टाकंल, आन् शेठचं दुकान हायवेवर हाय."

मी त्या रात्री नीट झोपलो. माझी शंका फिटली होती. सरांनी संघाला दगा दिला नव्हता. जावयासाठी माणूस सोडला नव्हता, उलट जावयाची हाव ओळखून तिच्यात गळ टाकला होता. शेठ दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "सर म्हणजे काय डोकं होतं!" आम्ही आता खालून दुसरे आहोत. शेठ संघ विकण्याचं सध्या बोलत नाहीत. पण शंका फिटल्यावर जी जागा रिकामी होते तिथे दुसरं काहीतरी येऊन बसतं. मला इम्रान आठवू लागला. त्याच्या पानात हुग्गी वाढणारे सर आठवू लागले.

सर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी त्यांच्या घरी जेवण होतं. मी पोचलो तेव्हा इम्रान फाटकाबाहेर, कट्ट्यावर बसला होता, पायाशी बॅग. आत जात नव्हता. त्याला सोलापूरवाल्यांनी संघाबाहेर बसवलं आहे, हे माझ्या कानावर आलं होतं. तूच सासऱ्याला सामील होतास, तुला मुद्दाम पाठवलं होतं, असं जावई म्हणतात. हंगाम संपला की त्याचा करारही ते तोडतील. शेठनी मला आदल्या दिवशीच विचारलं होतं, "पोरगं मोकळं होतंय म्हणे. परत घ्यायचं का? तुम्ही बघा आणि सांगा." मी बघण्यासाठी त्याच्याशेजारी बसलो.

"स्वामीसर, एक विचारू?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "खरं सांगाल?"

"माझी ख्याती तीच आहे."

"सरांना माहीत होतं का… मी गुडघ्याचं सांगणार ते?"

आतून ताटांचा आवाज येत होता. "माहीत होतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "मी पहिल्या दिवशी न्हाय सांगितलं. लई दिवस न्हाय सांगितलं. मग सरांचे जावई म्हणले, सासरेबुवांनी तुला लाथ मारली, तू कुणासाठी झाकतोस? तवा सांगितलं." त्याने पायाशी असलेली बॅग जवळ ओढली. "म्हणजे सरांनी मला सोडलं न्हाय. पाठवलं. न सांगता."

"सांगितलं असतं तर…" मी सुरुवात केली.

"सांगितलं असतं तरी गेलो असतो," इम्रान म्हणाला. "त्यांच्यासाठी गेलो असतो, सर. गुडघ्याचं सांगायला सुद्धा. मैदानावर जाऊन पडलो असतो सांगितलं तिथं. एकदा म्हणायचं होतं ना… इम्रान, माझं एवढं काम कर म्हणून."

मी सरांची शंका घेण्याची रीत इतकी वर्षं जवळून पाहिली. ती क्वचित चुकली. जावई काय करतील, शेठ कुठे बोलतील, मी कुठे बोलून जाईन, सगळं त्यांनी ओळखलं होतं. हे एक त्यांना दिसलं नव्हतं. किंवा दिसलं होतं आणि त्यावर भरवसा ठेवायचं धाडस झालं नाही. यातलं कोणतं खरं, ते आता विचारता येत नाही, आणि तोंडावर विचारण्याची सवय त्यांनीच मला लावली म्हणून ते जास्त बोचतं.

भाभी फाटकाशी आल्या. "क्या रे इम्रान, बाहर कायको बैठा? सर असताना बाहेर बसून जेवायचास व्हय?" त्या म्हणाल्या, "चल. मेरे सामने शरमाता क्या," आणि वाट न बघता आत गेल्या. तो उठला, बॅग घेऊन त्यांच्या मागे गेला.

सरांच्या बैठकीच्या खोलीत मी शेकडो वेळा बसलो असेन, पण त्या भिंतीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या कडेला बसायला जागा शोधताना ती समोर आली. भिंतीवर एका ओळीत खिळे होते, आणि एकाही खिळ्यावर काही नव्हतं. मी भाभींना विचारलं. "टीमचे फोटो लावायला ठोकले होते," त्या म्हणाल्या. "दर साल एक. ठोकायचे आणि म्हणायचे, थांब, पोरं टिकली की लावू. कोण कुठं जाईल सांगता येत न्हाय." त्या हसल्या आणि रश्शाचं भांडं उचललं. "फोटो सब ट्रंक में है. एक भी नहीं लगाया."

इम्रान दारात उभा होता, बॅग कुठे ठेवावी ते कळत नसल्यासारखा. जमिनीवर जागा नव्हती, दोन्ही बाजूंना माणसं बसली होती. त्याने भिंतीकडे पाहिलं आणि बॅग त्यातल्या एका खिळ्याला अडकवली. बॅगेवर सोलापूरच्या संघाचं नाव मोठ्या अक्षरात होतं. मग बसवराज सरकला, आणि इम्रान त्याच्या शेजारी जेवायला बसला.

शेठनी पलीकडून माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. मी हळूच म्हणालो, "घ्या."

"कशावरनं?" शेठनी विचारलं.

मी त्या बॅगेकडे बघत होतो. जड होती, बूट वगैरे असणार आत. खिळा जुना होता, भिंत मातीची. आत्ता निघेल, मग निघेल, असं वाटत राहिलं. जेवणं होईपर्यंत मी बघत होतो. खिळ्याने बॅग धरून ठेवली होती.